पाय धुण्याच्या आधीचा आठवडा

हॉबर्ट टिप्टनने ग्रामोफोनची सुई मोडली ती नेकटायने. मोडायचा त्याचा विचार नव्हता, पुसायचा होता. मे महिन्यातला रविवार, सकाळची वेळ, पूर्व टेनेसीच्या डोंगरांतल्या लॉरेल फोर्क खोऱ्यात घरोघरी रेडिओ लागलेले, ‘रविवारची गीतं’ हा हॉबर्टचा कार्यक्रम नुकता सुरू झालेला, आणि अशा ऐन वेळी त्याला सुईवर धुळीचा कण दिसला. बायकोच्या धाकाने घातलेली नवी टाय गळ्यात होतीच. तिच्या टोकाने त्याने सुई हलकेच पुसली, आणि सुई टायला अडकून तिच्यासोबत निघून आली.

दुसरी सुई नव्हती. दुसरी सुई त्याने ईस्टरला पुसली होती.

तरी निभावलं असतं, कारण चौघा भावांचा गायनसंच त्या दिवशी स्वतः येऊन गाणार होता. पण तेवढ्यात त्यांचा निरोप आला की मोटार ओढ्यात अडकली आहे आणि खालच्या पट्टीतला भाऊ कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तिला ढकलतो आहे. हॉबर्टने टेलिफोन ठेवला. माईक चालू होता. खोऱ्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात त्या क्षणी निव्वळ खरखर ऐकू येत होती.

हॉबर्टला तशी पुष्कळ गोष्टींची भीती वाटे. विजा, बैल, मेहुणी, उंच जिने. त्याचं रेडिओ केंद्र मात्र जिना चढूनच होतं, जनावरांच्या पेंडीच्या दुकानावरच्या माळ्यावर. सोमवार ते शनिवार तो खाली पेंड विकायचा आणि रविवारी वर जाऊन निवेदक व्हायचा. वर गेलं की त्याचा आवाज आपोआप भारदस्त होई. पण साऱ्या भीतींत मोठी भीती रेडिओवरच्या शांततेची. म्हणून त्याने घाबऱ्याघाबऱ्या खोलीत नजर फिरवली, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत त्याला आर्विल लेडफर्ड दिसला.

आर्विल लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा. उंच, वाळका, पन्नाशीतला, एकटा. हॉबर्टचा ट्रक बंद पडल्यापासून दर रविवारी आर्विलच त्याला घरी सोडायचा, म्हणून कार्यक्रम संपेपर्यंत तिथे टोपी मांडीवर ठेवून बसायचा. दिवसाकाठी तो जेवढं बोले तेवढं आमच्याकडची माणसं शिंकताना बोलतात. पण या माणसाने एक गीत लिहिलं होतं, आणि ते गीत खोऱ्यात कुणाचंही दफन असो, म्हटल्याशिवाय माती पडत नसे:

त्या पल्याडच्या काठावर कुणी लंगडं उरणार नाही,
नाचत नाचत येतील सारे, दार कुणाला बंद नाही.

आर्विलला सूर लिहिता येत नव्हते. तो गुणगुणायचा आणि हॉबर्ट कागदावर उतरवायचा. त्यामुळे गीतावर आपलाही थोडा हक्क आहे असं हॉबर्टला वाटे, आणि त्या हक्काने तो दर रविवारी गीतामागची गोष्ट श्रोत्यांना सांगे. गोष्ट अशी की आर्विलचा धाकटा भाऊ युद्धात पायाला गोळी लागून गेला, त्या रात्री हे शब्द सुचले. श्रोते डोळे पुसत. आर्विलला भाऊ नव्हता. तो कोपऱ्यात बसून टोपी फिरवत ऐकून घेई.

“बंधूंनो, भगिनींनो,” हॉबर्टच्या तोंडून निघून गेलं, “ते लाडकं गीत ज्यांच्या हातून उतरलं, ते बंधू आर्विल लेडफर्ड आज इथे आहेत. ते स्वतः साक्ष देतील.”

आमच्या चर्चमध्ये साक्ष, म्हणजे आपल्या आयुष्यातली देवाची करणी उभं राहून सांगणं, मागितली की द्यावी लागते. चारचौघांत नाव घेऊन बोलावलं तर नाही म्हणता येत नाही, आणि बोलायला लागल्यावर खोटं सांगता येत नाही. म्हणूनच शहाणी माणसं बघून मागतात. दुखण्यातून उठलेल्या बाईला, नाहीतर दारू सुटलेल्या गड्याला. आर्विलला आजवर कुणी साक्ष मागितली नव्हती. आणि तोही साक्षींच्या वेळी नेमका खांबाआड बसायचा. हे हॉबर्टच्या कधी लक्षात आलं नव्हतं, आणि आत्ताही त्याच्या डोक्यात होती ती मुकी फिरणारी तबकडी.

आर्विलने त्याच्याकडे पाहिलं. मग उठला, माईकपाशी आला, आणि करवतीच्या एकेका दात्याला कानस लावावी तसा एकेक शब्द बोलला.

“मी आर्विल लेडफर्ड. मला भाऊ नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा वरच्या घळीत माझी दारूची भट्टी होती. त्या नाताळाला तांब्याची नळी फुटली, म्हणून मी ट्रकच्या जुन्या रेडिएटरमधून दारू काढली. त्याने दारूत शिसं उतरतं हे मला माहीत होतं. थोड्याने काय होतंय, म्हटलं. हिवाळाभर तशीच काढली आणि बरण्या भरून विकली. तिघं आजारी पडले. दोघं उठले. गार्लंड क्राउडरचा डावा पाय लुळा पडला. गार्लंड, लोक म्हणाले ती दारू राज्याच्या सीमेपलीकडून आली होती. पलीकडून नव्हती. माझी होती. ते गाणं तुझ्या पायावर लिहिलेलं आहे. एवढंच.”

आणि तो जाऊन पुन्हा खुर्चीत बसला.

माईक बंद करायची खुंटी हॉबर्टच्या करंगळीपासून वीतभर दूर होती. ती त्याला सापडली नाही. शेवटी तो म्हणाला, “धन्यवाद, बंधू. आता हवामान.” हवामानाचा कागद खाली दुकानात राहिला होता. मग खिडकीतून बघून त्याने सांगितलं की बाहेर उजेड आहे.

टेलिफोन वाजू लागला तो थांबेचना. पहिली होती पर्ली मावशी, खोऱ्यातली सर्वांत म्हातारी बाई.

“हॉबर्ट, मी माझ्या नवऱ्याला त्या गाण्यावर पुरलाय. आता काय करू? उकरून काढू त्याला?”

“नको, मावशी.”

“मग काय करू ते सांग!”

दुसरी बाई नुसती रडली आणि तिने फोन ठेवला. तिसऱ्याने विचारलं की दारूविक्याचं गाणं देवाच्या घरात कुणी आणलं, आणि त्याचे सूर कुणी लिहिले. हॉबर्ट म्हणाला की चौकशी करून कळवतो. चौथा आवाज खालच्या पट्टीत कुजबुजला, “त्यातली एखादी बरणी उरली असेल का रे कुठे?”

पण ज्या एका घरून दर रविवारी हमखास फोन यायचा, तिथून आला नाही. ओमा क्राउडर, गार्लंडची बायको. कार्यक्रमाच्या मध्यावर ती न चुकता म्हणायची, “हॉबर्ट, आमच्या गार्लंडचं गाणं लाव बाबा.” हेच गाणं. एकही रविवार चुकला नव्हता. हॉबर्ट टेलिफोनकडे बघत राहिला.

गार्लंड क्राउडरविषयी दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, जुनी: तरुणपणी त्याच्यासारखं लाकडी फळ्यांवर टाचा वाजवत नाचणारं या डोंगरांत कुणी नव्हतं. तो नाचायला लागला की वादक दमून वाद्यं खाली ठेवायचे आणि हा नुसत्या टाचांवर पुढचं गाणं वाजवून दाखवायचा. दुसरी गोष्ट नंतरची: पाय गेल्यावर तो सगळा वेग त्याच्या रागात गेला. शेजाऱ्याचा कोंबडा पहाटे एकदा जास्त आरवला म्हणून त्याने तो गोळीने उडवला, तोही बिछान्यातून न उठता, खिडकीतून. जनगणनेवाला त्याच्या फाटकातून परत पळाला होता आणि त्याच्या घरी किती माणसं आहेत ते सरकारला अजून नीट माहीत नाही. त्याचे दोन मुलगे ओंडके तोडायचे आणि दारातून आत येताना वाकायचे.

आर्विलच्या ट्रकमधून दोघं घरी निघाले. रस्ता क्राउडरांच्या ओसरीपुढूनच जातो. हॉबर्ट आधी सीटवरून घसरला, मग बुटाची नाडी शोधायला खाली वाकला. त्याच्या त्या बुटाला नाडी नव्हती.

“आहे का तो?” त्याने खालूनच विचारलं.

“आहे. ओसरीवर.”

“हात केला?”

आमच्याकडे रस्त्याने कुणीही जावो, वैरी असो की वसुलीवाला, ओसरीवरचा माणूस हात वर करतोच. हात न करणं म्हणजे काय, ते कुणाला सांगावं लागत नाही.

“मी केला,” आर्विल म्हणाला.

सोमवारी हॉबर्टला ताप असल्यासारखं वाटलं. त्याच्या बायकोने, व्हर्डीने, कपाळाला हात लावून बघितला.

“काही नाही. भ्यायलायस.”

“भिऊ नको तर काय करू? गार्लंडला दर रविवारी ते गाणं ऐकवणारा मी. सूर लिहिणारा मी. भावाची गोष्ट रचणारा मी. आणि ही साक्ष मागणाराही मीच. आर्विलनंतर माझाच नंबर.”

“तुझ्यावर कुणी गोळी वाया घालवणार नाही, हॉबर्ट टिप्टन. ताक पी आणि दुकान उघड.”

दुकान उघडलं, पण ते भलतंच झालं. मंगळवारी पेंडीच्या पोत्यांआडून त्याने बाहेर बघितलं तर समोरच्या लोखंडी सामानाच्या दुकानापुढे क्राउडरांचा ट्रक उभा. त्या दुकानाच्या काचेत बंदुकांची रांग लावलेली असते. थोड्या वेळाने गार्लंड बाहेर आला, डावा पाय मागून ओढत, त्या ताठ बुटाची खरखर फळ्यांवर करत. त्याच्या काखेत तपकिरी कागदात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. ट्रकमध्ये चढण्यापूर्वी तो थांबला आणि त्याने नेमकं पेंडीच्या दुकानाकडे बघितलं. हॉबर्ट दोन पोत्यांच्या मधे मावेल इतका बारीक झाला.

“लांब म्हणजे केवढं?” व्हर्डीने संध्याकाळी विचारलं. पानात राजमा आणि मक्याची भाकरी गार होत होती.

हॉबर्टने हात पसरून दाखवले.

“केरसुणी असेल.”

“गार्लंड क्राउडर केरसुणी विकत घ्यायला स्वतः येईल?”

यावर व्हर्डीही गप्प झाली. व्हर्डी गप्प झाल्यावर हॉबर्टला खरी धडकी भरली.

पोस्टकार्डं येतच होती. कुणी लिहिलं की ते गीत आम्ही पुस्तकातून फाडलं. कुणी लिहिलं की फाडलं होतं, पण आज पुन्हा चिकटवलं. वरच्या खाणीजवळच्या एका विधवेने लिहिलं, ‘त्याने केलं ते वाईटच. पण माझा मुलगा खाणीत दबला त्या रात्री मला त्याच ओळींनी धरून ठेवलं. आता त्या ओळींना मी कशी हाकलू?’ चर्चच्या वडीलधाऱ्यांची बैठक झाली आणि ठरलं की गार्लंड काय म्हणतो ते कळेपर्यंत गीत म्हणायचं नाही. गार्लंडला जाऊन विचारायचं कुणी, हा प्रश्न निघाला तेव्हा बैठक लगेच संपली.

गुरुवारी गार्लंडचा थोरला मुलगा रॉस्को वाकून दुकानात आला. हॉबर्टच्या हातातलं माप खाली पडलं.

“बाबांनी विचारलंय,” रॉस्को म्हणाला, “रविवारी आर्विल चर्चला येणार आहे ना?”

“क... कशाला?”

“ते नाही सांगितलं. येणार आहे ना, एवढंच विचार म्हणाले.”

“मी विचारून सांगतो.”

“विचारा. आणि तुम्ही?”

“मी काय?”

“तुम्ही पण या म्हणाले. तुम्ही तर हवेच, असं म्हणाले.”

हॉबर्टने दुकान तसंच टाकलं आणि गिरणीवर धावला. धावला म्हणजे उतारावर धावला, चढावर चालला. आर्विल आपल्या पडवीत एकटा होता. शिकंज्यात मोठी गोल करवत आवळलेली, आणि तो एकेका दात्यावर कानस फिरवत होता.

“आर्विल, ओहायोला जा. तुझी चुलत बहीण आहे ना तिथे? आज जा. गाडीभाडं मी देतो.”

“रविवारी पाय धुवायचे आहेत,” आर्विल म्हणाला.

हे मात्र हॉबर्टच्या डोक्यातून पार गेलं होतं. आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा, मे महिन्यात, प्रभुभोजनाची भाकर वाटून झाली की एकमेकांचे पाय धुतात. पुरुष पुरुषांचे, बाया बायांचे. कमरेला लांब पंचा बांधायचा, घंगाळ घ्यायचं, ज्याचे धुवायचे त्याच्यापुढे गुडघे टेकायचे. मग तो उठून तुमचे धुतो. कुणाचे धुवायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि समोर येऊन बसलेल्याला नाही म्हणायचं नाही.

“तू तर कधी धूतच नाहीस!” हॉबर्ट म्हणाला. “दर वर्षी तुला तेव्हा सर्दी होते.”

खरं होतं ते. सगळे जोडे काढत तेव्हा आर्विल मागच्या बाकावर शिंकत बसे. बायांमध्ये बोलवा होती की त्याच्या पायाला सहा बोटं आहेत. आणि मागच्या दुसऱ्या बाकावर, खांबाच्या पलीकडे, आणखी एक माणूस जोडे न काढता बसायचा. तो गार्लंड. त्याच्या डाव्या बुटात लोखंडी पट्टी शिवलेली होती. बूट काढला की पाऊल चिंधीसारखं लोंबे, आणि ते त्याने ओमाशिवाय कुणाला बघू दिलं नव्हतं.

आर्विलने कानस बाजूला ठेवली. “पहिल्यांदा मी त्याला बघितला तो उन्हाळ्यात, पाय गेल्यावर. दुकानापुढे कुणी बँजो वाजवत होतं. गार्लंड उठला, नाचायला म्हणून, सवयीने. आणि पडला. लोक हसले, वाटलं गंमत करतोय. मी पण तिथेच होतो. त्याच दिवशी भट्टी फोडली आणि इथे गिरणीत लागलो. सांगायला म्हणून त्याच्या फाटकापर्यंत किती वेळा गेलो त्याला हिशेब नाही. दर वेळी घाबरून परत आलो. सांगता येईना, म्हणून गाणं झालं.”

हॉबर्टला एकदम आठवलं. गीत छापायच्या वेळी चर्चचे पाळक हेन्सली म्हणाले होते की ‘नाचत’ हा शब्द देवाच्या घरात शोभत नाही, ‘चालत’ करू. आर्विल, जो कुणाला कधी नाही म्हणत नसे, तेवढ्यापुरता अडून बसला होता. नाचतच. चालत नाही. सगळ्यांना नवल वाटलं होतं.

“त्याने काहीतरी लांब विकत घेतलंय, आर्विल. कागदात गुंडाळलेलं.”

“असेल.”

“तुला भीती नाही वाटत?”

आर्विलने करवतीकडे बोट दाखवलं. तिचे चार दाते वाकडे घासले गेले होते. आर्विलच्या हातून असं कधी होत नसे.

“येणार म्हणून सांग त्याला,” तो म्हणाला.

रविवारी चर्च इतकं भरलं की ईस्टरलाही भरत नाही. बाहेर झाडाखालच्या टेबलांवर झाकून ठेवलेलं जेवण होतं, वाळल्या सफरचंदांच्या थरांचा केक होता, आणि कुणी त्याकडे बघत नव्हतं. पुरुष उजवीकडे, बाया डावीकडे. घंगाळं आणि पाणी हे वर्षानुवर्षं हॉबर्टचं काम, त्यामुळे त्याला दारापाशी बसता येईना. सगळ्यांच्या पुढे, सगळ्यांना दिसेल असं, घंगाळांच्या रांगेमागे त्याला उभं राहावं लागलं. निदान घंगाळ छातीशी धरता येईल, असा त्याने विचार केला. पण घंगाळं पातळ पत्र्याची होती.

आर्विल आला आणि खांबाच्या अलीकडे बसला. शिंकला नाही.

प्रार्थना सुरू असताना बाहेर ट्रक थांबला. मग पायऱ्यांवर ती खरखर. एक पाऊल, एक खरखर. दारात आधी रॉस्को वाकला, मग धाकटा वाकला, मग त्यांच्या मधून गार्लंड आला. काखेत ते लांब, तपकिरी कागदात. पाळक हेन्सलींचं ‘आमेन’ अर्ध्यावर राहिलं. बायांच्या बाजूला कुणाचं तरी मूल रडायला लागलं आणि त्याचं तोंड आख्ख्या हाताने दाबलं गेलं. गार्लंड आपल्या नेहमीच्या बाकावर बसला. ते लांब त्याने दोन्ही गुडघ्यांवर आडवं ठेवलं. ओमा पलीकडे जाऊन बसली, कुणाकडे न बघता.

प्रभुभोजन झालं. भाकर फिरली तेव्हा तिचा आवाजही ऐकू येत होता. मग पाळक म्हणाले, “बंधूंनो, ज्याला जसं वाटेल तसं,” आणि ते आपली खुर्ची जरा भिंतीकडे सरकवून बसले.

कुणी जागचं उठलं नाही. कुणी जोड्याला हात लावला नाही.

मग आर्विल उठला. पुढे आला. हॉबर्टसमोर उभा राहून त्याने पंचा मागितला. हॉबर्टने दिला. घंगाळ मागितलं. हॉबर्टला ते सोडवेना. दोघांनी दोन बाजूंनी धरलेलं घंगाळ थोडा वेळ तसंच राहिलं.

“जाऊ नको,” हॉबर्ट कुजबुजला.

“सोड,” आर्विल म्हणाला.

तो त्या मधल्या वाटेने मागे गेला. पाणी हिंदकळून फळ्यांवर सांडत होतं. गार्लंडच्या बाकापुढे त्याने घंगाळ ठेवलं आणि गुडघे टेकले. आता त्याचं डोकं बरोबर त्या कागदी गुंडाळीच्या उंचीला आलं होतं. हॉबर्टने डोळे मिटले. मग मिटून जास्तच भीती वाटते असं दिसल्यावर उघडले.

गार्लंड आर्विलकडे बघत होता. मग त्याने कागद फाडायला सुरुवात केली. तो कागदाचा आवाज अख्ख्या चर्चने अंगावर घेतला. पुढच्या दोन रांगा तर बाकांखालीच गेल्या.

आत कुदळीचा दांडा होता. नवा, हिकरीच्या लाकडाचा, टोकाला रबर ठोकलेला.

“बूट काढला तर मला उभं राहता येत नाही,” गार्लंड खडबडीत आवाजात म्हणाला. “नंतर तुझे धुवायला खाली बसायचं, परत उठायचं, तर काठी नको?” त्याने मान वर केली. “आणि तुम्ही सगळे काय बघताय?”

धाकट्या मुलाने वाकून त्याच्या बुटाच्या नाड्या सोडल्या. आधी उजवा बूट निघाला, मग डावा. मोजा निघाला. ते पाऊल, पांढरं, लहान मुलाच्या पावलाएवढं वाळलेलं, आर्विलने दोन्ही हातांत घेतलं. मग पाण्यात बुडवलं.

“हॉबर्ट!” गार्लंड ओरडला.

“हो!” हॉबर्टने दोन्ही हात वर केले.

“पाणी बर्फासारखं आहे! दर वर्षी कोमट करतोस म्हणे. मी बूट काढला त्याच वर्षी बरं विसरलास? एवढ्यासाठी निरोप पाठवून बोलावलं होतं तुला.”

हॉबर्ट खरोखरच विसरला होता. सकाळपासून त्याला चूल पेटवायचीच आठवण नव्हती.

गार्लंड पुन्हा खाली बघू लागला. आता त्याचा आवाज उतरला होता, पण चर्चमध्ये इतकी शांतता होती की शेवटच्या बाकालाही ऐकू आलं.

“तुझी दारू पहिल्या घोटालाच घाण लागली होती. जिभेला गोडसर, मागून कडू. माझ्या लक्षात आलं होतं. तरी बरणी संपवली, आणि पुढची आणली. ते माझं. बाकीचं तुझं. मला तू अजून आवडत नाहीस, आर्विल. आठवडाभर काय करावं सुचलं नाही. ओमा म्हणाली, गाणं तर तुझंच आहे, मग पाय तरी दाखव त्याला. म्हणून आलो.” मग त्याने घसा साफ केला. “मुके का बसलात? पाय धुताना गाणं म्हणतात ना इथे?”

सुरुवात करायचं काम हॉबर्टचं. पण सुरुवात केली ती ओमाने, बायांच्या बाजूने, जरा चढ्या पट्टीत. मग खाणीजवळची विधवा. मग पर्ली मावशी, जिला नवरा उकरायचा होता. सगळ्यांनी उचललं नाही. दोघं-तिघं तोंड घट्ट मिटून बसले, आणि एक जण टोपी घालून निघून गेला. ‘नाचत नाचत’ आलं तेव्हा फळ्यांवर एक आवाज झाला. टक. मग टक-टक. गार्लंडची उजवी टाच होती ती, अनवाणी, ओली. पाळक हेन्सलींनी छताकडे बघितलं आणि ते गाणं संपेपर्यंत छतच बघत राहिले.

मग गार्लंड दांड्यावर भार टाकून खाली बसला, त्याला बसायला बराच वेळ लागला, आणि त्याने आर्विलचे पाय धुतले. व्हर्डीसकट सगळ्या बायांनी माना ताणल्या. दोन्ही पायांना पाच पाच बोटं होती.

जेवणाला गार्लंड थांबला नाही. ट्रकमध्ये चढताना त्याने आर्विलला हात केला नाही. पण हॉबर्टला केला, आणि हॉबर्ट घाबरून टेबलाआड वाकला.

परतीच्या वाटेवर हॉबर्टला बोलल्याशिवाय राहवेना. भीती ओसरली की त्याची जीभ सुटते. आर्विल दोन्ही हातांनी चाक धरून गाडी हाकत होता.

“काय माणूस आहेस रे तू,” हॉबर्ट म्हणाला. “तो डावा पाय हातात धरलास, आणि तोंड अगदी त्याच्यासमोर. मला वाटलं, आता हा घालतो लाथ, आणि तुझे दात जातात त्या घंगाळात. समज, घातली असती लाथ, तर?”

आर्विलने रस्त्यावरची नजर काढली नाही.

“लाथ घालण्याइतका जोर मी त्या पायात ठेवलाय कुठे?”